दोराचं आपल्याकडचं टोक

पानाला एकशे ऐंशी रुपये,
शपथपत्र असेल तर दोनशे,
शिवाजीनगर कोर्टासमोरचे वकील गद्रे देतात महिनाअखेर,
कोणता महिना ते सांगत नाहीत.
या खेपेला दोन भावांचा खटला :
धाकटा मुंढव्यात, थोरला लंडनपलीकडे कुठेतरी,
मध्ये अकरा गुंठे.
थोरल्याचं पत्र इंग्रजीत. तळाशी, सहीच्या जरा वर,
टु द बिटर एंड.

मी लिहिलं, कडू शेवटापर्यंत लढेन.
लिहिलं, आणि जिभेवर कारलं आलं.
आपण जेवणसुद्धा दहीभातावर संपवणारी माणसं,
हा भाऊ असं काय बोलतो?

कोंढव्यात टँकर साडेदहाला येतो
म्हणजे सव्वाबारा.
गच्चीवर मी आणि उस्मानचाचा फणसोपकर
टाकीत पाणी पडायचा आवाज ऐकायला थांबलेलो.
चाचा एकतीस वर्षं बोटीवर, शेवटची नऊ सारंग म्हणून.
आता मुलाच्या फ्लॅटमध्ये,
समुद्रापासून एक अख्खा घाट वर,
आणि आंघोळीला दीड बादली.

चाचा, म्हटलं, इंग्रजांना शेवट कडू का लागतो?
ते हसले नाहीत.
कडूबिडू काय नाय गो. बिट म्हणजे खुंट.
डेकवरचा. आधी लाकडी असायचा, मग लोखंडी.
नांगराचा दोर त्याला.
नांगर सोडला की दोर पळतो,
पळतो, हात लावशील तर कातडं नेईल असा पळतो,
आणि खुंटाकडचं टोक दिसलं
की समजायचं, दोर सरला.
तेवढंच ते.
असं आमचा चीफ सांगायचा. खरंखोटं तो जाणे.

मग त्यांनी माझी कपड्यांची दोरी सोडली,
निळी, नायलॉनची, दोन चिमटे तसेच लटकत होते.
एक टोक डिशच्या पाइपाला बांधलं,
दुसरं माझ्या हातात दिलं. चल, म्हणाले.
मी चालले. टाकीला वळसा,
कुणाच्या तरी कुरडयांचं प्लास्टिक ओलांडून,
कठड्यापाशी हिसका बसला.
बघ. समुद्रात जातं ते तुझ्या हातातलं.
बिटर ते नव्हे.
हे, माझ्याकडचं.

खाली रिक्षावाला कुणाला तरी सुट्टे मागत होता.
चाचा पाइपाला टेकून म्हणाले,
एकदा तेच टोक बांधायला विसरला एक पोरगा.
माझ्याच पाळीत. रात्र होती.
नांगर सोडला, दोर गेला, गेला,
आम्ही हिसक्याची वाट बघत उभे.
हिसका आलाच नाय.
नांगर गेला, दोर गेला, पाणी परत सपाट.
एवढं मोठं काय गेलं
आणि बोटीला कळलंसुद्धा नाय.

ते पोराबद्दल पुढे काही बोलले नाहीत.
बोलले ते खदिजाचाचीबद्दल :
ती वारली तेव्हा मी चितगावला होतो.
तार मिळाली सोळा दिवसांनी.
त्या सोळा दिवसांत मी चांगला जेवत होतो.

मग टाकीत पाणी पडू लागलं.
आम्ही दोघांनी ऐकलं, आणि कुणी उठलं नाही.

रात्री कडू खोडलं.
लिहिलं, माझ्याकडची दोरी सरेपर्यंत लढेन.
थोरल्याला विचारायला हवं होतं,
बाबा, तुझं टोक बांधलंयस कशाला?
मुंढव्यात तर आता खुंट उरलेला नाही,
विहीर बुजवून तिथं कार धुतात.
पण अनुवादकानं पक्षकाराला प्रश्न विचारायचा नसतो,
तेही दोनशे रुपयांत.

गद्र्यांनी लाल शाईनं ओळ मारली.
वर लिहिलं, अखेरपर्यंत.
म्हणाले, बाई, कोर्टात दोरी कुठून आणलीत?
बरोबरच आहे त्यांचं.
एका शब्दात उरकत होतं.

दोरी मी पुन्हा आडवी बांधली,
या बाजूची गाठ माझी, येताजाता सुटते.
पाइपाकडची चाचांची.
ती ओल्या चादरींनीही हललेली नाही.
वाऱ्याचा दिवस असला की मी आधी
तिकडेच हात लावून बघते.