निम्मी दारं

मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं काम काप काढण्याचं.
धमनी मेणात बसवायच्या आधी
झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते,
काचेवर उरतात तिच्या रिकाम्या जागा.
म्हणून त्या पेशी फेसासारख्या दिसतात.

सफाईला आलेल्या असतात त्या.
भिंतीत शिरून खवट झालेली चरबी
अंगावरच्या ग्राहींनी धरायची, गिळायची.
पण ‘पुरे’ म्हणणं या ग्राहींना येत नाही.
यकृताच्या पेशीला येतं:
भरलं की ती आपली दारं आत ओढून घेते,
पंगतीत पानावर हात आडवा धरावा तशी.
या धरत नाहीत.
गिळतात, फुगतात, जागच्या जागी मरतात
आणि जो ढीग उचलायला आल्या
त्याच ढिगात जमा होतात.

बाबा एकेचाळिसाव्या वर्षी गेले.
टिमकीत, मागावर, धोटा अर्ध्या वाटेत.
आईची सावजी खानावळ होती गोळीबार चौकात,
त्यामुळे लोकांना कारण शोधावं लागलं नाही.
हेडाऊबाईनं नवरा तर्रीत बुडवला,
म्हणायचे,
आणि रस्सा पुन्हा मागून घ्यायचे.
वर्षभरात तिनं चूल मोडली,
मोठा गंज भंगारात दिला.
त्यानंतर घरात फोडणीचा आवाज
दार लावल्यावरच.

परवा माझाच रिपोर्ट आला.
डॉक्टरीणबाईंनी आकडा वाचला, पापणी पाहिली,
मग वाकून टाचेमागची शीर चाचपली.
जाड.
बाबांचीही होती,
मागाची पावडी दाबून दाबून झाली
असं आम्ही सगळे समजायचो.
‘जन्मापासूनच,’ त्या म्हणाल्या,
‘यकृतावर दारं निम्मी.
चरबी रक्तात फिरत राहते,
तिला आत कोणी घेत नाही.’

आई कूलरमध्ये पाणी भरत होती.
म्हटलं, तुझा रस्सा नव्हता गं तो.
दारंच कमी होती त्यांना.
पाणी काठावरून वाहू लागलं,
तिनं पाइप काढला नाही.
‘कमी होती त सांगाव कोनी,’
ती म्हणाली,
‘मी वाढतच राह्यली न.’

उद्या विहंगचं रक्त द्यायचंय, उपाशीपोटी.
नऊ वर्षांचा आहे. झोपलाय पालथा,
एक पाय पलंगाबाहेर.
अंधारात त्याची टाच
दोन बोटांत धरून बघितली.
रोज हेच काम करते मी,
तरी बोटांना
काही सांगता येईना.