आठव्या ओळीपासून पहिलीपर्यंत

एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
पहिल्या भोंग्यापासून शेवटच्या भोंग्यापर्यंत.
करकरीत ताव, शाईचा वास
डब्यातल्या मेथीलासुद्धा.
सरकलेली रेघ, फुगलेला आकडा,
कोपऱ्यात मोहरीएवढा डाग –
नापास.
संध्याकाळी फाटकात झडती.
माझ्याकडे कधी काही सापडलं नाही.
बोटांवरच्या रेषा तेवढ्या झिजल्या,
रेशनचं यंत्र आता मला ओळखत नाही.

पास झालेल्या नोटा सील होऊन रेल्वेने जायच्या.
कुठे, ते आम्ही विचारायचं नसतं.
मी गेले ती मनमाडला, भुसावळला,
आणि नणंदेच्या बाळंतपणात महिनाभर
जळगावला.

निवृत्तीच्या पैशांतून फ्रिज घेऊ, म्हणाली सून.
घेतला.
उरलेल्यातून हे तिकीट,
लोअर बर्थ, आसामपर्यंत.

समोरच्या बाकावर मनोवर,
अंबडच्या कारखान्यात पॉलिशला,
कटिहारला निघालेला, बहिणीच्या लग्नाला.
आईसाठी खोक्यात द्राक्षं, दर तासाला उघडून बघायचा.
"उधर कौन है आपका, मौसी?"
कोणी नाही, म्हटलं.
"तो फिर?"
मी पर्समधून नोट काढली, उलटी केली.
ह्या बघ, पंधरा ओळी, मुंग्यांच्या रांगेसारख्या,
पंधरा भाषा.
आमची आठवी. वर सात, खाली सात.
ही सगळ्यात वरची आहे ना,
ती बघायला चालले.
तो हसला नाही. द्राक्षांचा एक घोस पुढे केला.

लासलगावला कांद्याचा वास डब्यात चढला
आणि नांदगावला उतरला.
खांडवा झोपेत गेलं.
कटनीला पुरीवाल्याने सुट्ट्यात
चिकटपट्टीची वीस रुपयांची नोट दिली,
वर कुणाचा तरी फोन नंबर, निळ्या पेनने.
सवयीने मी ती खिडकीत धरली.
धागा होता.
पाण्यातला चेहरा होता.
तरी माझ्या टेबलावर एका सेकंदात
नापास.
कुणी हाताळलं की नोट कशी होते
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गंगा रात्री आली. पुलाचा आवाज तेवढा ऐकला.
कटिहारला मनोवर उतरला, पाया पडायला वाकला,
मी घाईत त्याच्या हातात चिवड्याची पिशवी कोंबली,
शेंगदाणे जास्तच घातले होते.

मग पाट्यांवर दुसरी ओळ यायला लागली.
हिचा 'र' मला माहीत होता,
खाली टिंब असलेला.
वाचता येत नव्हतं,
पण डाग असता तर सांगितला असता.

नोटेवर आठवीपासून पहिलीपर्यंत
माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर.
गाडीला दोन रात्री लागल्या,
वर तीन तास उशीर.

रंगिया.
पाटीवर पहिलंच अक्षर तो 'र',
टिंब नाही, पोटातून रेघ गेलेला.
विसाच्या नोटेवर, पहिल्या ओळीत,
पहिल्या शब्दात हाच.
किती लाख वेळा.
इथे वीतभर उंच, पिवळ्यावर काळा,
खाली एक बकरी बसलेली.

चहा आणि दोन बिस्किटं घेतली.
किती, खुणेने विचारलं.
"कुरि टका," म्हातारा म्हणाला.
काय?
"कुरि. कुरि टका."

एकतीस वर्षं ती ओळ माझ्यापुढून मुकी गेली,
आणि ती अशी बोलते?
कुरि.
आमच्याकडे म्हणतात की, कोडी,
बोहारीण साड्या मोजायची, वीस वीसच्या.

मी तीच चिकटपट्टीची नोट पुढे केली,
दुसरी सुट्टी नव्हती.
म्हाताऱ्याने ती उन्हात धरली.
एक डोळा मिटून, तिरकी करून,
पट्टीवरून अंगठा फिरवला.
मी श्वास रोखून उभी,
हातात कप, बोटं भाजत.

मग त्याने ती खिशात घातली
आणि पुढच्या खिडकीकडे गेला.
साखर फार होती.