गरम आहे का

तौनोच्या बोटांना ऊन-गार कळत नाही.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली त्यानं,
शेवटची बारा ओल्या रुळांपाशी.
म्हणून तो बटण सोडतो,
रिकामे हात वर करून दाखवतो,
आणि म्हणतो, हिल्क्का, आता लाव हात.

हात लावायचा काळ्या कड्याला.
फेराइट. दिसायला भोक पाडून काठीवर ओवायच्या
आमच्या भाकरीसारखं, फक्त करपलेलं
आणि बांगडीएवढं.
त्यावरचे वेढेही माझेच:
तांब्याच्या तीन तारा, तिपेडी,
नऊ म्हणजे नऊ. टाके मोजण्यात जन्म गेला.

बाहेर सात मीटरची काठी बर्फात उभी.
तिनं एकटीनं सगळ्या पट्ट्यांवर बोलावं
असा त्याचा हट्ट.
रेडिओ पन्नास ओहमचा, सरळमार्गी.
काठी कधी चारशेची, कधी तिचं तिलाच ठाऊक.
कडं म्हणजे मधला सोयरीक जुळवणारा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जुळली.
मीटरचा काटा आडवा झोपला, दर पट्टीवर
एक पूर्णांक एक.
तौनोनं पाहुण्यांची कॉफी फोडली
आणि तासभर हाका मारल्या.
ओ देईल तर शपथ.

मी हात लावला. गरम.
भट्टीतून काढल्यासारखं.
हैलुओतो बेटावरच्या या घरात
गरम ही वाईट बातमी
आजवर कधीच नव्हती.
तो म्हणाला, म्हणजे सगळं इथंच जिरतंय.

जुन्या टीव्हीतून काढलेलं ते कडं गेलं कपाटात.
दुसरं आणलं, जाडजूड. वेढे उसवले, पुन्हा घातले.
मासे धरायच्या भोकातून
एक उघडी तार आत सोडली पाण्यात,
जरी हा समुद्र अळणीच,
मीठ नावापुरतं.
काटा उठून बसला: अडीच.
चाळीस मीटरवर तर विचारूच नका.

आणि पावणेसहाला खरखरीतून एक म्हातारा,
झे फुर्तादो, कुठल्याशा पोर्तुगीज बेटावरचा.
अर्धं नाव चुकवलं त्यानं. त्याच्याकडे वारा सुटलाय म्हणाला.
बस्स. मग बुडाला.

तौनोनं वहीत लिहिलं: अडीच, गार.
खोडलं. गार आधी लिहिलं.
मग माझं बोट, अजून कड्यावरच होतं ते,
उचलून धरलं मुठीत, बराच वेळ.
त्याला काय कळणार होतं त्यातनं,
तरी मला विचारतोय,
गरम आहे का?