सातवा हात

कीथली. या गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात दुसरं,
आणि याचं इथे कुणालाच काही वाटत नाही.
चर्चमागच्या हॉलमध्ये, जिथे मंगळवारी लहान मुलींचा बॅले असतो,
(खुंटीवर कुणाचे तरी गुलाबी मोजे राहिलेले)
आम्ही अकरा जण घडीच्या खुर्च्यांवर.

विषयपत्रिकेवर चौथा मुद्दा: जमिनीचा तुकडा क्रमांक एकोणीस.
तण माजलंय. दोन नोटिसा. उत्तर नाही.
एकोणीस म्हणजे हॅरल्ड एक्रॉइड,
माझ्या वीस नंबरच्या मेथीचा शेजारी.

"काढून घ्यावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर,"
चेअरमनबाई म्हणाल्या. राग नव्हता आवाजात,
गॅसचं बिल वाचावं तसा.

पहिला हात कॉलिनचा. त्याला नळाजवळची जागा हवीच होती.
दुसरा, तिसरा त्याच्याच रांगेतले.
चौथा नसरीनचा.
नसरीन! जिने गेल्याच महिन्यात
हॅरल्डच्या घरी डब्यातून खिचडी पोचवली होती.
म्हटलं, हिला काहीतरी ठाऊक असणार.
पाचवा.
सहावा.
मग पाहिलं तर माझ्या डोक्याच्या उंचीवर
एक ओळखीचं मनगट,
त्यावर माझंच घड्याळ.

"सात," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिलीने खूण केली.

शाळेत बाई विचारायच्या, समजलं का?
अख्खा वर्ग म्हणायचा हो, त्यात माझा हो.
वर्गमूळ मला अजून काढता येत नाही.
पाचामुखी परमेश्वर, असं आई म्हणायची.
त्या संध्याकाळी मुखं अकरा होती,
एकही उघडलं नाही.
आणि वर जाणाऱ्या हाताला वजन नसतं काही,
मांडीवर धरून ठेवायचा तर
दळणाच्या डब्याएवढा जड.

म्हातारे वॉय्चेक तेवढे चष्मा पुसत बसले होते.
त्यांचा हात वर नव्हता.
तत्त्व होतं की ऐकूच आलं नाही,
हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

बसस्टॉपवर नसरीन भेटली, आठवड्याने.
छत्री उघडायची विसरून म्हणाली,
"तू त्याची शेजारीण. तू गप्प होतीस.
मला वाटलं, तुला माहीत असेल काही.
म्हणून मी."

मला माहीत होतं.
मार्चमध्ये कुंपणावरून त्याने सांगितलं होतं,
मे महिन्यात खुबा बदलायचाय,
उन्हाळाभर वाकता यायचं नाही.
मी म्हटलं होतं, काळजी करू नका.

म्हणजे माझा हात सातवा नव्हता.
चौथ्याच्याही आधीचा होता.

ऑक्टोबरात हॅरल्ड आला, काठी टेकत,
खुरपी-फावडी न्यायला.
"सगळ्यांचंच म्हणणं पडलं का तसं?" त्याने विचारलं.
आवाजात काही नव्हतं, नुसतं विचारलं.
मी म्हटलं, "बहुतेक."
हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

त्याने रुबार्बचा गड्डा फावड्याने दुभंगला,
अर्धा माझ्या बाजूला ठेवला.
"भुकेला असतो हा. शेणखत भरपूर घाल,
आणि पहिलं वर्ष तोडू नकोस."
नाही तोडला.

दुसऱ्या वर्षी त्याचे तांबडे दांडे
चिंचेऐवजी वरणात घातले.
पहिला घास नवऱ्याने घेतला. म्हणाला, छान.
मग मुलगा म्हणाला छान.
मग सासूबाई.
मी ताटावरून मान वर केली
आणि एकेकाच्या तोंडाकडे
बघत राहिले.