ण चे गुण

रबाळ्याच्या गाळ्यात माझं मशीन लाकूड कापत नाही,
जाळतं. जळक्या प्लायचा वास
मी रोज शर्टातून घणसोलीला घरी नेतो.

गेल्या महिन्यात वाशीच्या राजाध्यक्षांची ऑर्डर आली:
मराठी अक्षरांचा खेळ, पन्नास पेट्या,
पेटीत दोनशे चौकटी, जाडी तीन मिलिमीटर.
सोबत तक्ता. दोन वर्षं मोजत होते म्हणे
अग्रलेखांतून, दिवाळी अंकांतून, पाठ्यपुस्तकांतून.
र सगळ्यांत जास्त. मागोमाग त, ल, न.
ण सहा, गुण दोन. ळ चार, गुण तीन.
ङ एकच, गुण बारा.
फोनवर हसले, ज्याच्या वाट्याला येईल
त्याचं वाङ्मय होईल.
आणि र पेक्षाही जास्त जे कापायचं होतं
ते अक्षर नव्हतंच. काना.
नुसती काठी, तीस वेळा.

नमुन्याला इंग्रजी पेटी ठेवून गेले.
तिच्यात ई बारा, क्यू एकटा, दहा गुणांचा,
यू आल्याशिवाय दारातून हलत नाही.
पोलंडात म्हणे झेड पाच, एकेका गुणाचे, चिल्लर.
शेजारच्या गाळ्यातला बिजू म्हणाला,
तुमचा ळ आमच्याकडे पायलीचे पन्नास.
पॅकिंगचा रामसजीवन तोच ळ उलटापालटा करत
विचारत होता, ये क्या, आठ सो गया?

तक्ता घरी आणला. रविवारी
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने
आईचं बोलणं मोजलं, उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत.
पानी तापलं. कोन आलाय. डोला दुखतंय.
गारी गेली गो बाय.
खाडीला ती खारी म्हणते,
आणि चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.
रात्री बेरीज केली: न एकशे चौदा.
ण शून्य. ळ शून्य.
ड थोडा, शब्दाच्या तोंडाशीच,
पोटात गेला की र.

मग कपाटातली साडेबारा टक्क्यांची फाईल काढली.
मोजायचं वेड लागलं की असं होतं.
क्ष एक्केचाळीस!
क्षेत्र, क्षेत्रफळ, पक्षकार, साक्षीदार, प्रतीक्षा यादी,
पुन्हा प्रतीक्षा यादी.
ह्या फाईलसाठी वेगळीच पेटी कापावी लागेल.
पानोपानी श्रीमती गुणाबाई हाशा मढवी,
ण अगदी ठसठशीत, टाइप केलेला,
आणि खाली तिचा अंगठा.
आमच्या घरात ण येतो तो असा,
पाकिटातून, पोच पावतीवर सही घेऊन.

उरलेल्या प्लायमधून तिच्यापुरती पेटी कापली.
न चौदा. र भरपूर. क्ष नाही.
ण नकोच, असं ठरवून फाईल सेव्ह केली होती,
तरी शेवटी दोन टाकले.
तिच्या हिशेबाने त्याचे गुण किती,
शंभर की काहीच नाही?
कोपरा कोराच सोडला.

हर्षाली सहावीत आहे, तिने आजीला खेळायला बसवलं.
आई अक्षरं ओळखते थोडी, बसच्या पाटीपुरती.
बराच वेळ चिवडत बसली, तांदूळ निवडावेत तशी.
मग मांडलं:
ग, उकार, न, काना.

आजी, इथे ण पाहिजे. तुझंच नाव ना?
आणि बाबा, ह्यावर गुण टाकायला विसरलास.

आईने ण हातात घेतला.
जळलेल्या खाचेतून बोट फिरवलं,
काळं झालं ते पदराला पुसलं.
यो कं?
ण, आजी.
ऱ्हाउंदे. मना न बरा.

मी गुणांचा कागद पुढे ओढला, लिहिलं,
गुना: सात. हर्षालीने हरकत घेतली,
वहीत बघून पुन्हा घेतली.
डाव तिथेच मोडला.

आज सकाळी फ्रिज सरकवताना दिसलं,
पुढच्या डाव्या पायाखाली दोन्ही ण,
एकावर एक.
वर्षभर डुगडुगत होता.