राजीनामा

रुवीत, घड्याळाच्या चौकामागे, तिसऱ्या मजल्यावर,
एसी खोकतो त्या खोलीत तीन खुर्च्या
आणि चौथी माझी, जरा मागे सरकवलेली.
दुभाष्याने टेबलाला टेकायचं नसतं.

अर्ज सुकेशनी ओव्हाळचा. इस्पितळात रक्त तपासते.
खोली पाहिली, आवडली, चाळीस रियाल हातावर ठेवले.
"आडनाव काय म्हणालात?"
दुसऱ्या दिवशी पैसे परत, पाकिटात, चिकटपट्टी लावून.
खोली म्हणे अचानक भावाला लागणार.
भाऊ अजून डोंबिवलीत आहे.

समोर देवस्थळी. फ्लॅट त्यांच्या नावे, एक खोली पोटभाड्याने.
किराणा दुकानाच्या दाराशी त्यांच्याच वळणदार अक्षरात :
'स्वच्छ, हवेशीर. आपल्यातलेच हवेत.'

अबू हिलाल चिठ्ठी उलटसुलट करतो.
"मुकादम, हे शेवटचं वाच."
बावीस वर्षं मी इथे टंकतोय,
व्हिसे, निकाहनामे, मयतांचे कागद,
आणि या एका शब्दाशी अडलो.
अरबीत एकच : नह्नु.
आमच्या दापोलीकडे दोन.
समोरच्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारं 'आम्ही',
समोरच्याला आत घेणारं 'आपण'.
आणि इथे, साहेब, आत घेणाऱ्यानेच कडी लावलीय.
हे मी बोललो नाही.
म्हटलं, "आमच्यापैकी, असं म्हणतात."
तो दोघांकडे पाहत राहिला.
"मुलूख एक, भाषा एक.
मग मी कुणाच्या मध्ये बसलोय?"

देवस्थळी चष्मा पुसतात.
"माझं काही नाही हो, आमच्या हिचं सोवळं..."
सोवळं मी 'स्वच्छता' म्हणून पोचवलं.
सुकेशनीने मान वळवली, पहिल्यांदाच माझ्याकडे.
तिला अरबी येतं तेवढं, वॉर्डातलं.
"दादा, ते नीट सांगा. मी आंघोळ करून आलेय."

मग नीट सांगितलं.
वेळ लागला. हातवारे लागले.
अबू हिलालने कहव्याची वाटी खाली ठेवली,
ती बराच वेळ उचलली नाही.

दुपारी बलुची कारकून आत डोकावला : "राजीनामा बनवू?"
ती ताडकन उठली. "मी का देऊ राजीनामा?"
हसलो आम्ही. देवस्थळीही, जरा उशिरा.
ताई, त्याच्याकडे राजी होण्याचा कागद तो,
आपल्याकडे सोडून जाण्याचा.
बसली. पण पर्स मांडीवरच धरून.

खोली त्याच भाड्याने, एक तारखेपासून.
चिठ्ठी आज संध्याकाळच्या आत काढणे.
ओट्यावर दोघांचा हक्क, शेगडी कुणाची वेगळी नाही.
आणि तळाशी :
कोणत्याही पक्षाने दोष मान्य केलेला नाही.

पेन थांबलं. "हे कुणी घातलं?"
"छापील आहे. सगळ्यांच्यात असतं."
"मग माझं नाव तरी त्यांच्या हाताने लिहून घ्या."

देवस्थळींनी कागद ओढला. टोपण काढलं.
खोलीत नुसता एसी.
"आडनाव... काय म्हणालात?"

तिने सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर.
अरबी प्रतीत मी साधा ल लिहिला, त्यांच्याकडे ळ नाही.
मराठी प्रतीत त्यांनी ळ काढला,
हात कापल्यामुळे जरा मोठाच.

खुर्ची जागेवर लावून उठलो.
त्या चिठ्ठीतल्या 'आपल्यात' मुकादम बसला असता का,
कुणी विचारलं नाही. दुभाष्याला विचारत नाहीत.
तीन रियाल. पावती घेतली.