शिसं

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात कोपरातून वाकवून पाहिला,
म्हणाल्या, शिशाच्या नळीसारखा.
त्यांच्या पुस्तकात असाच शब्द आहे म्हणे.

मी गप्प राहिलो.
चाळीस वर्षं पायसांदूच्या जुन्या घरांतून
शिशाचे नळ उपटून काढतोय मी.
शिसं वाकतं, बाई.
नखानं ओरखडा उठतो त्याच्यावर,
गुडघ्यावर धरून दमानं दाबलं की ऐकतं.
हे शिसं नव्हे.

मंगळवारी सुई दिली. शुक्रवारी एक्केचाळीस ताप.
जानेवारी, नदीवरून वारा नाही,
शेजारची ओफेलिया म्हणाली, ऊन लागलं असेल, कलिंगड द्या.
दिलं. दातखीळ सुटेना.
घाम असा की गादी पिळता आली असती,
आणि लघवी करपलेल्या चहासारखी.

औषधानंच झालंय, हे रात्री दोनला कळलं.
कित्येक हजारांत एखाद्याला होतं, म्हणाले.
हा आकडा मला कशाला सांगितला?
मला एकच आहे.

त्याआधी सव्वा वर्ष तो म्हणायचा, नळातून माणसं बोलतात.
नावं घेऊन. त्याचं, माझं, गेलेल्या आईचं.
मी स्वयंपाकघराची भिंत फोडून दाखवली,
बघ यामांदू, नुसतं पाणी आहे.
त्यानं कान लावला, मग माझ्याकडे असं बघितलं
जसा बहिरा मीच.
गोळ्या मी मोजायचो. जीभ वर कर, म्हणायचो.
सुईच्या कागदावर सही माझी,
आदेमार, शेवटचं अक्षर घाईत अर्धंच राहिलेलं.

औषध बंद. थंड सलाइन, काखेत बर्फ,
श्वास यंत्राच्या हवाली.
आमच्या धंद्यातही हेच :
आधी मुख्य चावी बंद करायची,
मग पाणी ओसरायची वाट बघत पायरीवर बसायचं.
थर्मासमधलं पाणी गार झालं, माते तसाच राहिला.

अकराव्या दिवशी करंगळी.
मी धरूनच होतो, वाकली.
इतकी थोडी की नर्सला सांगायची लाज वाटली.

आता घरी आहे. काठी घेऊन चालतो.
दुसरं औषध, चिमटीएवढं,
आणि रोज सकाळी बाईंचा फोन, ताप किती?

काल रात्री तो मोरीत उभा होता, नळापाशी वाकून.
वाकून.
काय म्हणतायत, मी विचारलं नाही.
कपाळावर हात ठेवला.
गार होतं.
मग मीही कान लावला.